शेठची रात्रीची गोळी

नर्मदा सिस्टरच्या तोंडी लागायची हिंमत बोरखेड्यात कुणाची नव्हती. बीपीच्या गोळ्या सोडलेला माणूस तिला समोरून येताना पाहायचा आणि गुपचूप गल्ली बदलायचा. एकदा तर भर ग्रामसभेत तिने सरपंचाला विचारलं, की साखर तपासायला तुम्ही येताय, का मीच सुई घेऊन वर येऊ? गाव खो खो हसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंच उपाशीपोटी उपकेंद्राच्या पायरीवर हजर होता. तर अशी ही बाई. भीमनगरातल्या जीवरामची थोरली लेक, गावातच दिलेली, आणि चौतीस वर्षं सरकारी नर्सबाई. पहिली तेरा वर्षं तिने सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर काढली, मग बदली होऊन आपल्याच गावात आली.

तिची एक पद्धत होती. औषधाच्या कागदावरचं डॉक्टरचं अक्षर शिकलेल्यांना लागत नाही, मग बाकीच्यांचं काय घ्या. म्हणून ती प्रत्येक पेशंटसाठी स्वतः तक्ता करायची. जुन्या लग्नपत्रिकेची कोरी बाजू घ्यायची, तिच्यावर गोळीचं रिकामं पाकीट चिकटवायचं, सकाळच्या गोळीपुढे सूर्य काढायचा आणि रात्रीच्या गोळीपुढे चंद्रकोर. आमच्याकडची म्हातारी माणसं अजूनही सूर्याची गोळी आणि चांदाची गोळी असंच म्हणतात. तक्ता ती स्वतः भिंतीवर लावायची, देवाच्या किंवा बाबासाहेबांच्या फोटोशेजारी, कारण तिथे नजर रोज जाते. या पद्धतीचा तिला अभिमान होता आणि तो तिने कधी लपवला नाही. याच पद्धतीने तिला एकदा तोंडघशी पाडलं, त्याची ही गोष्ट.

गेल्या वर्षीच्या माघात चंपालाल शेठच्या अंगावरून वारं गेलं. चंपालाल शेठ म्हणजे पेठेतलं कापडाचं दुकान. घराणं मूळचं मारवाडातलं, जैन, पण चार पिढ्या बोरखेड्यात गेलेल्या, तेव्हा शेठ आमच्याइतकीच अहिराणी बोलायचे. बोलायचे, असंच म्हणावं लागतं. सकाळी दाढी करताना उजव्या हातातून वस्तरा गळून पडला, तोंड वाकडं झालं आणि जीभ अडकली ती अडकलीच. जळगावच्या दवाखान्यात बारा दिवस काढून मुलगा अखिल त्यांना घरी घेऊन आला. अखिल पुण्याला नोकरीत. तो आठवडाभर राहिला, पलंग, काठी, गोळ्या सगळं मांडून दिलं आणि परत गेला. घरात उरले शेठ आणि त्यांच्या बायको सायरबाई. दुकान तर तीन वर्षांपूर्वीच भाड्याने दिलेलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात.

लकव्याचा माणूस दवाखान्यातून घरी आला की लोक म्हणतात, सुटलो एकदाचे. नर्मदाला या वाक्याची भयंकर चीड होती. अरे बाबांनो, खरं काम तर आता सुरू झालं. पहिला झटका माणसाला लोळवतो, दुसरा उचलून नेतो. दर आठवड्याला बीपी बघायचं, गोळ्या पोटात जातायत का ते बघायचं, हातपाय हलवून घ्यायचे, आणि हे महिना दोन महिने नव्हे, कायमचं. घरी जाऊन बघायच्या अशा पेशंटची यादी दर महिन्याला आरोग्य केंद्रातून यायची. त्या महिन्याच्या यादीत चौथं नाव चंपालाल शेठचं होतं. नर्मदाने यादी वाचली, घडी घालून पर्समध्ये ठेवली, आणि त्या दिवशी ती बाकीच्या तीन घरांना जाऊन परत आली.

तिचा बाप जीवराम उभं आयुष्य शेठच्या दुकानात राबला होता. एसटीच्या टपावरून उतरलेले कापडाचे गठ्ठे फाट्यावरून डोक्यावर आणायचे, बाजाराच्या दिवशी सायकलला बांधून शेजारच्या गावांना न्यायचे, संध्याकाळी उरलेली ठाणं पुन्हा गुंडाळून फळीवर लावायची, ही त्याची कामं. आणि काय दिवस होते ते! दिवाळीच्या आधीच्या बाजारी दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. पांढऱ्याशुभ्र गादीवर शेठ मांडी घालून बसलेले, मागे छतापर्यंत पोपलीन, मांजरपाट, चिटाची ठाणं, आणि सगळ्या दुकानात नव्या कापडाच्या खळीचा वास. लोखंडी गजाने मोजून झालं की शेठ कात्रीने नुसती एक खाच पाडायचे आणि पुढचं दोन्ही हातांनी टर्रकन फाडायचे. रेघ मारल्यासारखं सरळ फाटायचं. तो आवाज ऐकायला नर्मदा आणि तिची भावंडं पायरीवर बसून राहायची. पायरीवरच, कारण बाप कामाला आत असला तरी भीमनगरातलं गिऱ्हाईक तेव्हा पायरीखालूनच कापड बघायचं. रीत तशी होती, आणि ती चांगली होती असं मी तरी म्हणणार नाही.

पण नर्मदाला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा शेठनी तिला हाक मारून गादीपाशी बोलावलं होतं. जळगावला जायचं, तिथल्या पोरींत कमी दिसायला नको, म्हणून पांढऱ्या साड्या त्यांनी स्वतः निवडल्या आणि ब्लाउजचं कापड एक हात जास्तीचं फाडून दिलं. त्यातली पहिली साडी नेसून ती ट्रेनिंगला गेली. हे ती कधी विसरली नाही, आणि म्हणूनच पुढचं तिला जास्त लागलं.

शहाण्णव साली जीवरामला लकवा झाला. सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत तो पाय ओढत का होईना चालायला लागला. नर्मदा तेव्हा पाड्यावर, कडेवर पोरगी, पंधरा दिवसांतून एकदा घरी. निघताना आईला, भागाबाईला, बजावून जायची, की काही झालं तरी गोळ्या सोडू देऊ नको. शेठ दर दोन दिवसांनी जीवरामला बघायला यायचे. चांगला माणूस, जीव तुटायचा त्यांचा. आणि घात झाला तो चांगल्या माणसाकडूनच. जीवरामला गरगरतं, तोंडाला चव नाही, हे ऐकून शेठ त्याला म्हणाले, "जीवराम, या गोळ्या गरम पडतस. बंद करी टाक." त्यांनी मालिशवाला लावून दिला, लांबून कसलं तरी तेल मागवलं. गोळ्या सुटल्यावर जीवरामला हलकं वाटलं, भूक लागली, मग तो भागाबाईचं कशाला ऐकतो? अकराव्या महिन्यात दुसरा झटका आला. नर्मदा पोचली तेव्हा बापाला आंघोळ घालून झाली होती.

अंगावर घालायचं पांढरं कापड शेठच्या दुकानातून आलं. शेठ स्वतः घेऊन आले, भीमनगराच्या तोंडाशी उभे राहिले. नर्मदाने ते कापड त्यांच्या हातातून घेतलं. पण त्या दिवसापासून तिने त्या दुकानाची पायरी बघितली नाही. पोरीच्या लग्नाचं कापडसुद्धा तिने चोपड्याहून आणलं. रस्त्यात शेठ दिसले की मान वळवायची, आणि शेठही तिला कधी थांबवायचे नाहीत. असं एकोणतीस वर्षं चाललं. गावाला वाटायचं बाई फटकळ आहे, शेठला काय आणि कुणाला काय. आतलं फक्त त्या दोघांना माहीत होतं.

पण ड्यूटी ती ड्यूटी. तिसऱ्या दिवशी ती शेठच्या घराचा जिना चढलीच. शेठ खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसलेले, उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडलेला. तिला बघून त्यांनी हं हं असा आवाज काढला. तेवढाच आवाज त्यांच्याकडे उरला होता. होला तोच आणि नाहीला तोच. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण लकव्याच्या माणसाला कशानेही रडू येतं हे नर्मदाला माहीत होतं, म्हणून तिने त्याचा काही अर्थ लावला नाही. दंडाला पट्टा बांधला, बीपी बघितलं, सायरबाईंना समोर बसवून तक्ता तयार केला. सकाळी दोन गोळ्या, सूर्य. रात्री दोन गोळ्या, एक बीपीची आणि एक रक्त पातळ ठेवायची, चंद्रकोर. खाली ठळक अक्षरांत रात्री नऊ.

जिना उतरताना तिने मनाशी गाठ मारली, की या घरात दुसरा झटका येऊ द्यायचा नाही. अकरा महिने जाऊ दे, वर्ष जाऊ दे, माझ्या हाताखाली हे परत होणार नाही. शेठवरच्या मायेपोटी नव्हे, असंही तिने स्वतःला बजावलं. हातात वेळ मात्र फार नव्हता. एकतीस मेला ती रिटायर होणार होती. मास्तरांनी शाळेत घालताना निम्म्या गावाची जन्मतारीख एक जून लिहिलेली, त्यात तीही आलीच. आणि तिच्या जागेवर नवी सिस्टर कधी येईल, हे जिल्ह्याच्या साहेबांनाही सांगता येत नव्हतं.

बीपी काही हलेना. एकशे सत्तर, शंभर. पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यात दोनने जास्त. जेवणात मीठ कमी केलं, लोणचं पापड बंद केलं, सायरबाईंनी तर स्वतःचंही मीठ सोडलं. गोळ्यांचं विचारावं तर त्या म्हणायच्या, "रोज काढते हो सिस्टर, एक दिवस चुकत नाही." आणि रिकामी पाकिटं पुढे ठेवायच्या. अखिलने आईला दर रविवारी त्या पाकिटांचा फोटो पाठवायला सांगितलं होतं, तोही न चुकता जायचा. आरोग्य केंद्रातले डॉक्टर तरुण होते, मन लावून काम करायचे. त्यांनी आकडे बघितले आणि गोळीची ताकद वाढवू म्हणाले. नर्मदा म्हणाली, सर, आठ दिवस थांबा. टीबीच्या पेशंटांनी तिला एक गोष्ट शिकवली होती, की रिकामं पाकीट म्हणजे गिळलेली गोळी नव्हे. पण इथे संशय तरी कुणाचा घ्यायचा? सायरबाई म्हणजे मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपून चालणारी बाई. त्या खोटं बोलतील हे तिच्या मनाला पटेना. आणि त्या खोटं बोलतही नव्हत्या. नीट ऐकलं असतं तर कळलं असतं, की त्या काढते म्हणत होत्या, देते असं एकदाही म्हणाल्या नव्हत्या.

चैत्रात एका संध्याकाळी ती शेतवस्तीवरचं लसीकरण उरकून स्कूटीवरून परत येत होती. पेठेतून जाताना सहज वाटलं, डोकावून जावं. आतापर्यंत ती नेहमी सकाळीच यायची. जिना चढून दारात आली तर आत घाई चाललेली. सायरबाई शेठना खिचडीचे घास भरवत होत्या आणि दर घासाला खिडकीतून मावळतीकडे बघत होत्या. शेठही पटापटा गिळत होते. सूर्य समोरच्या केळीच्या बागेवर टेकायला आला होता. सायरबाईंनी ताट बाजूला केलं, शेठना पाणी पाजलं, चूळ भरायला भांडं धरलं. मग शेठनी डावा हात छातीशी नेला, डोळे मिटले आणि पुटपुटायला लागले. सायरबाईंनी पाण्याचा तांब्या उचलून आत नेला, तो त्या पुन्हा बाहेर आणणार नव्हत्या हे उघड दिसत होतं.

नर्मदा दारातच थांबली. अगं माय, हे तर मला लहानपणापासून माहीत होतं! हिवाळ्यात साडेपाच वाजले की बाजार ऐन भरात असताना शेठ गादीवरून उठून वर जायचे. गिऱ्हाईक कितीही मोठं असो. पायरीवर बसलेली ती बापाला विचारायची, शेठ कुठे गेले, आणि बाप सांगायचा, की त्यांचा चौविहार आहे, दिवस मावळला की त्यांना अन्न चालत नाही, पाण्याचा थेंबही चालत नाही. सगळं गाव हे जाणत होतं. आणि तिने स्वतःच्या हाताने त्या घराच्या भिंतीवर चांद काढून ठेवला होता. त्याच्याखाली नऊ वाजता, तेही ठळक अक्षरांत.

तिने सायरबाईंना विचारलं, की रात्रीच्या गोळ्या कुठे आहेत. सायरबाईंनी हात पदराला पुसले. मग कपाटातून एक स्टीलची डबी आणली आणि झाकण काढून तिच्यासमोर धरली. तळापासून काठापर्यंत पांढऱ्या आणि गुलाबी गोळ्या. पन्नास दिवसांच्या शंभर गोळ्या. रोज रात्री नऊला त्या पाकिटातून काढायच्या, शेठसमोर धरायच्या, शेठ तोंडावर डावा हात ठेवून खिडकीबाहेरच्या अंधाराकडे बघायचे, आणि त्या गोळ्या डबीत टाकायच्या. पाकीट रिकामं, फोटो तयार.

"बावीस वर्षांचे होते, तेव्हा चातुर्मासाला आलेल्या महाराजसाहेबांसमोर नियम घेतला त्यांनी," सायरबाई म्हणाल्या. "दवाखान्यात नळीतून काय काय दिलं, ते शुद्धीवर आल्यावर किती रडले, तुम्ही नव्हता बघायला. माझ्या हाताने मला तो मोडवेना. आणि अखिलला सांगायची छाती होईना."

आता नर्मदा कडाडली नसती तर ती नर्मदा कसली. तोंडाचा पट्टा सुरू झाला. काकी, जीव घ्यायला निघाला होता का? रक्त पातळ ठेवायची गोळी ही, डबीत काय जमवता? सायरबाई खाली मान घालून ऐकत होत्या. आणि खोटं कशाला सांगू, त्या बोलण्याच्या मध्येच नर्मदाच्या मनात एक काळा विचार येऊन गेला. माझ्या बापाच्या गोळ्या याने बंद केल्या, आज याच्या बंद झाल्या. फिटली की फेड. पलंगावर शेठ डोळे उघडून तिच्याकडेच बघत होते. ती बोलता बोलता थांबली, आणि तिला स्वतःची शरम वाटली. ती खाली बसली. सायरबाईंनी जीव लावून गोळी ठेवून दिली, शेठनी जीव लावून जीवरामची गोळी सोडवली, आणि आपण? आपण दर आठवड्याला गोळ्या घेतल्या का एवढं विचारलं. घेता येतात का, हे विचारायला कुणाच्या बापाने अडवलं होतं?

तिथूनच तिने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, एवढंच ना? रात्रीच पाहिजे असं काही नाही, संध्याकाळच्या जेवणाबरोबर द्या, रोज त्याच सुमाराला म्हणजे झालं. एवढंच. नर्मदाने भिंतीवरचा तक्ता टरकावला. पर्समधून नवी पत्रिका काढली, एक आडवी रेघ मारली आणि तिच्या जरा वर, अजून न बुडालेला, गोल सूर्य काढला. सायरबाईंनी ते चित्र हातात घेऊन बराच वेळ बघितलं आणि पदराने डोळे पुसले. त्या दिवसाची गोळी मात्र गेलीच, कारण शेठचा नियम लागून गेला होता. नर्मदाने त्यावर हट्ट केला नाही.

दुसऱ्या आठवड्यात एकशे छप्पन्न. मग एकशे अठ्ठेचाळीस. एकतीस मेला आरोग्य केंद्रात तिला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं, चार भाषणं झाली, आणि संध्याकाळी ती शाल पर्समध्ये कोंबून शेठकडे गेली. एकशे अडतीस, ब्याऐंशी. जागा रिकामी राहिली ती राहिलीच. पण नर्मदा रोज दिवस कलला की पेठेत दिसायची, आता यादी नाही, रजिस्टर नाही. नवरा युवराज म्हणायचा, रिटायर मी झालोय का तू? तोवर ती दाराबाहेर पडलेली असायची.

हळूहळू तिने शेठच्या हाताचा व्यायाम हाती घेतला. रबरी चेंडू दाबायला दिला तर ते फेकून द्यायचे. मग तिने एक दिवस घरातली मांजरपाटाची जुनी चादर आणली आणि त्यांच्या मांडीवर टाकली. शेठनी डाव्या हाताने तिची किनार चाचपली, दोन बोटांत कापड चोळून बघितलं, आणि तोंड वाकडं केलं. माल हलका आहे, हे त्यांना जिभेशिवायही सांगता आलं. नर्मदा कितीतरी दिवसांनी पोटभर हसली. डाव्या हाताने टोक धरायचं, उजव्याने ओढत न्यायचं, गज मोजल्यासारखं. पंधरा दिवसांत उजवा हात वीतभर सरकायला लागला. अशा वेळी सायरबाई आणि ती जुन्या गोष्टी काढून बसायच्या. पहिली टेरिकॉट दुकानात आली ते साल, एकदा उंदरांनी कुरतडलेलं ठाण, जीवरामची सायकल. जीवरामचं नाव निघालं की शेठ डोळे मिटून घ्यायचे.

बोलणं मात्र येईना. गंमत अशी, की नवकार मंत्र ते अडखळल्याशिवाय, अगदी खणखणीत म्हणायचे, आणि पाणी हा शब्द काही केल्या निघत नव्हता. लोक म्हणाले, शेठ सोंग करतात. नर्मदाने त्या लोकांची चांगली हजेरी घेतली. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, की लहानपणापासून पाठ असलेलं मेंदूत वेगळ्या जागी राहतं, ते आपसूक येतं. नवा शब्द मात्र नव्याने घडवावा लागतो, आणि त्याला घाम फुटतो.

अकरावा महिना केव्हाच मागे पडला. या माघात वर्ष झालं. शेठ आजही दिवस मावळायच्या आत दोन गोळ्या घेतात आणि मग हात जोडतात. दुसरा झटका आला नाही. पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं, भाद्रपदातलं, संवत्सरीच्या दुसऱ्या दिवसाचं.

जैन घरांत संवत्सरी झाली की माणसं एकमेकांच्या दारी जाऊन, खमत खामणा म्हणत, वर्षाच्या चुकांची क्षमा मागतात. पेठेत त्या सकाळी या घरातून त्या घरात हात जोडणं चाललेलं असतं. नर्मदा ओट्यावर धुणं वाळत घालत होती. भीमनगराच्या तोंडाशी पोरं थांबून काहीतरी बघत होती, म्हणून तिने वळून पाहिलं. चंपालाल शेठ येत होते. पायी. डाव्या हातात काठी, उजव्या बाजूला सायरबाई, एक पाऊल टाकायचं आणि दुसरं ओढून आणायचं. पांढरं स्वच्छ धोतर, डोक्याला टोपी. दुखण्यापासून ते पेठेबाहेर पडलेच नव्हते. नर्मदा हातातलं ओलं लुगडं तसंच घेऊन पुढे धावली. एवढं चालायचं असतं का, बीपी वाढलं म्हणजे, निदान रिक्षा तरी करायची, असं ती बोलतच होती, तेव्हा शेठनी काठी सायरबाईंकडे दिली आणि हात वर करून तिला थांबवलं.

त्यांनी तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावर घाम आला. "जी," ते म्हणाले. मग खूप वेळाने, "व." ओट्याभोवती बाया जमल्या होत्या, कुणी हलेना. "राम."

मग त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं गोळी धरल्यासारखी चिमटीत धरली, ती चिमूट बाजूला फेकली, आणि तोच हात आपल्या छातीवर आपटला. एकदा, दोनदा. त्यानंतर दोन्ही हात जोडले, उजवा डाव्याने उचलून, आणि पाठ असलेले शब्द स्वच्छ बाहेर पडले. "खमत खामणा."

"दोन महिने झाले, दुपारी भिंतीकडे तोंड करून हेच चाललंय," सायरबाई म्हणाल्या. "पाणी अजून म्हणता येत नाही हो त्यांना. तहान लागली तर हात हलवतात. पण घोटला तो हा एकच शब्द."

या क्षणासाठी नर्मदाने एकोणतीस वर्षं बोलणं तयार ठेवलं होतं. किती रात्री तिने ते मनात शेठना सुनावलं होतं, शब्दन् शब्द ठरलेला. त्यातला एकही तिला आठवेना. आठवला तो पाडा, कडेवरची पोर, आणि पंधरा दिवसांनी यायची ती एसटी. बाप पाय ओढत फाट्यापर्यंत सोडायला यायचा, आणि ती खिडकीतून ओरडायची, आबा, गोळ्या घे. त्याच्यापुढचे पंधरा दिवस ती कुठे होती? लुगड्याचं पाणी तिच्या पायांवर गळत होतं आणि ती लहान पोरीसारखी रडायला लागली.

"चूक तुमच्या एकट्याची नव्हती शेठ," ती म्हणाली. "मी नर्स होते. दुसऱ्यांच्या घरी गोळ्या मोजत होते आणि माझ्या बापाजवळ मी नव्हते. माझंच चुकलं."

शेठनी जोडलेले हात सोडले. पुढे वाकून, तोल सावरत, डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

"नाही," ते म्हणाले.

सायरबाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. हा शब्द त्यांनी घोटलेला नव्हता.